ऑर्गन : इगर्जीतून रंगभूमीकडे

इ. स. १५८० च्या सुमारास फत्तेपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारात एक अपूर्व वाद्य मांडण्यात आले. त्यापूर्वी काही वर्षे बादशहाने हाजी हबीबुल्ला नावाच्या आपल्या एका विश्वासू माणसास गोव्याला धाडले होते. त्याच्याबरोबर पैसा होता, कारागीर होते, आणि फिरंग्यांच्या मुलखातील नवलाईच्या वस्तू व हुन्नर घेऊन यावे अशी आज्ञा होती. हबीबुल्लाने जे आणले त्यांत हे वाद्यही होते. बदाऊनी हा त्या काळाचा इतिहासकार मोठा कर्मठ आणि अकबराच्या नव्या नव्या छंदांवर मनातून रुष्ट. परंतु या वाद्याचे वर्णन करताना त्याचीही लेखणी क्षणभर सैल झालेली दिसते. माणसाच्या उंचीएवढी एक मोठी पेटी, तिच्या आत बसून वाजविणारा एक फिरंगी, बाहेर मोराच्या पंखांसारख्या दिसणाऱ्या कशावर तरी बोटे चालविणारे आणखी दोघे, आणि त्या सर्वांतून उठणारे नाना प्रकारचे नाद, असे ते वर्णन आहे. हे मोराचे पंख म्हणजे बहुधा वाद्याचे भाते असावेत. बदाऊनीने त्यास नाव दिले आहे ‘अर्गनून’. मूळ ग्रीक शब्दाचे हे फारसी रूप होय. त्याच शब्दापासून युरोपीय भाषांतील ‘ऑर्गन’ हा शब्द आला.

पंधरा वर्षांनी, १५९५ साली, अकबरासाठी निजामीच्या ‘खम्सा’ काव्याची जी सचित्र प्रत तयार झाली, तिच्यात माधो खानाजाद या चित्रकाराने अफलातून, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो, हा ऑर्गन वाजवीत बसलेला दाखविला आहे. त्याच्या भोवती रानातील पशू नादाने मोहित होऊन निपचित पडले आहेत. ही प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. गोव्याहून निघालेला सूर उत्तर हिंदुस्थानातील चित्रकाराच्या कुंचल्यापर्यंत पोचला, पण गवयाच्या गळ्यापर्यंत काही पोचला नाही. तानसेनाच्या दरबारात अर्गनून हे एक खेळणे म्हणूनच राहिले. पुढे तीनशे वर्षांनी याच वाद्याच्या एका दूरच्या भावंडाने महाराष्ट्रात प्रवेश केला, तेव्हा मात्र ते खेळणे राहिले नाही. त्याने मराठी गाण्याची भाषा बदलली, आणि देशाच्या राजधानीत त्याच्यावरून तीस वर्षे चाललेला एक वाद उभा केला.

हे वाद्य मुळात देवाच्या सेवेसाठी जन्मलेले नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे क्तेसिबिअस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने वारा सारखा राखण्याची युक्ती काढली आणि त्या वाऱ्यावर नळ्या वाजविल्या. रोमन लोकांनी हे वाद्य आखाड्यांत आणि मेजवान्यांत वाजविले. बुडापेस्टमधील अक्विन्कुम येथे १९३१ साली अशा एका वाद्याचे अवशेष सापडले. त्यावरील लेखाप्रमाणे ते इ. स. २२८ मधील असून त्याला बावन्न नळ्या होत्या. ७५७ साली बायझंटाईन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन नजराणा म्हणून पाठविला, तोही राजवैभवाची वस्तू म्हणूनच. चर्चमध्ये त्याचा शिरकाव झाला तो त्यानंतर, हळूहळू. तात्पर्य, रंगभूमीवर ऑर्गन आणून मराठी नाटकवाल्यांनी एका पवित्र वाद्यास बाटविले, असे जर कोणास वाटत असेल, तर इतिहास त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

पाइप ऑर्गनची रचना सांगावयास सोपी आणि पाहावयास थक्क करणारी आहे. भात्यांतून वारा एका बंद पेटीत साठतो; वादकाने पट्टी दाबली की त्या पट्टीच्या नळीखालची झडप उघडते, वारा नळीत शिरतो आणि बासरीप्रमाणे किंवा सनईप्रमाणे ती नळी बोलू लागते. आठ फूट लांबीची उघडी नळी एक खर्जाचा स्वर देते, सोळा फुटांची त्याहून एक सप्तक खाली, बत्तीस फुटांची आणखी एक सप्तक खाली. तेथे स्वर कानांनी ऐकू येण्यापेक्षा पायांखालच्या फरशीतूनच जाणवतो. उलट सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी असते. एकाच जातीच्या नळ्यांची एक संपूर्ण रांग वाजती किंवा मुकी करण्यासाठी एकेक खुंटी असते, तिला ‘स्टॉप’ म्हणतात. पॅरिस येथील सेंट सुल्पिस चर्चमध्ये काव्हाये-कॉल या कारागिराने १८६२ साली पूर्ण केलेल्या ऑर्गनला शंभर स्टॉप आणि हातांनी वाजवावयाच्या पट्ट्यांच्या पाच ओळी आहेत. पायांनी वाजवावयाची ओळ निराळी. कोणत्या रांगा एकत्र करावयाच्या, कोणता स्वर झाकावयाचा आणि कोणता उघडा ठेवावयाचा, ही निवड चित्रकाराच्या रंगयोजनेसारखीच आहे. तीच धून लाकडी नळ्यांवर मऊ, धूसर वाटते. कथील व शिसे यांच्या नळ्यांवर लखलखीत होते. आणि जिव्हा बसविलेल्या नळ्यांवर तुतारीसारखी गर्जना करते.

दोन ऑर्गन कधीच एकसारखे नसतात, हे या संगीताच्या वैविध्याचे खरे मूळ होय. व्हायोलिन वादकाबरोबर गावोगाव हिंडते. ऑर्गन मात्र ज्या इमारतीत बांधला त्या इमारतीचा एक अवयव होऊन बसतो, आणि वादकालाच त्याच्याकडे जावे लागते. उत्तर जर्मनीतील ऑर्गनांचा आवाज खणखणीत व एकेक पदर स्पष्ट दाखविणारा. जुन्या इटालियन ऑर्गनांचा गोड, गाण्याजवळचा. स्पेनमध्ये तुताऱ्यांच्या नळ्या आडव्या बसवून त्यांचे तोंड थेट श्रोत्यांकडे केलेले. जसे वाद्य तशी रचना. म्हणून या संगीताचा इतिहास लिहिताना रचनाकारांइतकीच कारागिरांची व गावांची नावे सांगावी लागतात.

योहान सेबास्टियन बाख हा या परंपरेचा मेरुमणी. १७०३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो आर्नश्टाट येथील चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून नोकरीस लागला. १७०५ मध्ये ल्यूबेक येथील वृद्ध वादक बुक्स्टेहूड यास ऐकण्यासाठी त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि सुमारे चारशे किलोमीटरांची वाट पायी तुडविली. तेथे तो रमला आणि परतला चार महिन्यांनी. वरिष्ठांनी रजेचा जाब विचारला, आणि त्याबरोबरच आणखी एक तक्रार नोंदविली: हा तरुण भजनाच्या चालीत नाही नाही त्या करामती करतो, परके स्वर मिसळतो, त्यामुळे गाणारी मंडळी गोंधळून जातात. सरकारी दप्तरात कामाच्या कसुरीचे शेरे पुष्कळ असतात, परंतु संगीताच्या इतिहासाला उपयोगी पडलेला शेरा इतका दुसरा नसेल. बाख ल्यूबेकहून काय घेऊन आला, हे त्या तक्रारीवरूनच कळते.

त्या करामती म्हणजे ऐन वेळी, जागच्या जागी केलेला स्वरविस्तार. पाश्चात्त्य संगीत म्हणजे सारे कागदावर लिहिलेले, अशी आपल्याकडे समजूत आहे. ऑर्गनच्या बाबतीत ती खरी नाही. दिलेल्या धुनेवर तत्क्षणी विस्तार करणे हा ऑर्गनवादकाच्या शिक्षणाचा आजही भाग आहे. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा छत कोसळले, पण सुमारे आठ हजार नळ्यांचा तेथील मोठा ऑर्गन बचावला. तो उतरवून, त्यात बसलेली शिशाची धूळ काढून पुन्हा उभारण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले, तेव्हा धर्मगुरूंनी ऑर्गनला जागे होण्याचे आवाहन केले आणि प्रत्येक आवाहनाला वादकांनी लिहून न आणलेल्या, तेथेच सुचलेल्या स्वरांनी उत्तर दिले. जर्मनीतील ऑर्गन बांधण्याची विद्या व त्याचे संगीत यांस युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेही हे संगीत जिवंत आहे म्हणूनच.

आपल्या किनाऱ्यावर हे वाद्य पोर्तुगीजांबरोबर आले. गोव्यातील इगर्जींमधून सोळाव्या शतकापासून त्याचा सूर घुमत आहे. इगर्जींना जोडलेल्या शाळांतून मुलांना गायन, स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिक्षणातून तयार झालेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईचे बँड आणि चित्रपटसंगीत यांचा मोठा भार उचलला. परंतु इगर्जीबाहेरच्या मराठी समाजाशी ऑर्गनचा संबंध फारसा आला नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तेथील इगर्जींच्या घंटा मराठ्यांनी आपल्या मुलखात नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत, आणि देवाला त्यांचा परकेपणा कधी खुपलेला नाही. घंटा हत्तीवरून नेता येते. ऑर्गन भिंतीतून उपटून नेता येत नाही. त्याला महाराष्ट्रात यावयाचे तर लहान होऊनच येणे भाग होते.

ते लहान रूप एकोणिसाव्या शतकात मिळाले. नळी काढून टाकून केवळ एक पातळ पितळी पट्टी चौकटीत मोकळी कंप पावेल अशी बसविली, तर वाऱ्याच्या झोताने तीही स्वर देते. चीनमधील शेंग या वाद्यात हे तत्त्व फार पूर्वीपासून होते. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास ‘हार्मोनियम’ या नावाने अशा वाद्याचे हक्क नोंदविले. अमेरिकेत त्याचा निराळा प्रकार रुळला: हार्मोनियममध्ये भाता वारा बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनमध्ये तो आत ओढतो. एवढ्याशा फरकाने आवाज अधिक मऊ, अधिक गोल होतो आणि मोठ्या ऑर्गनच्या नादाची आठवण करून देतो. व्हर्माँट प्रांतातील एस्टी या एकाच कारखान्याने असे पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनविले. मिशनऱ्यांबरोबर आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही वाद्ये मुंबईस उतरली. इकडे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून मागे हाताचा भाता लावला, आणि जमिनीवर मांडी घालून वाजविता येईल अशी हातपेटी बनविली. बैठकीला ती सोयीची झाली. नाटकवाल्यांनी मात्र पायाने हाकावयाचा ऑर्गनच धरून ठेवला, आणि त्याला कारण होते.

मराठी माणसाने या वाद्याला कसे आपले केले, हे पाहावयाचे असेल तर प्रथम त्याचे शब्द पाहावेत. हार्मोनियमला तो ‘पेटी’ म्हणतो. बदाऊनीलाही नेमका हाच शब्द सुचला होता, ही गमतीची गोष्ट. ऑर्गनला ‘पायपेटी’ म्हटले गेले. बोटाखालच्या फळीला ‘पट्टी’ म्हटले आणि मग गळ्याच्या उंचीलाही पट्टीच म्हणू लागले. ‘गाणार कोणत्या पट्टीत?’ असे विचारले की उत्तर येते, ‘काळी एक’, ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’. ज्याने जन्मात पेटीला हात लावला नाही असा गवईदेखील आपला षड्ज पेटीच्या रंगांनी सांगतो. सामवेदापासूनची परंपरा सांगणाऱ्या संगीताने आपला मूळ स्वर सांगण्याकरिता ही परदेशी खूण स्वीकारावी, याहून अधिक पुरावा तो कोणता?

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले, ‘सौभद्र’ १८८२ मध्ये. या संगीत नाटकांच्या वैभवाबरोबर पेटी, आणि तिच्या पाठोपाठ ऑर्गन, रंगमंचासमोर स्थिर झाला. ध्वनिक्षेपक नव्हता. कापडी किंवा पत्र्याच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला स्वर ऐकू जावा, नटाला तो पाठीशी सतत जाणवावा, आणि गद्य संभाषणातून पदाकडे वळताना त्याचा षड्ज अचूक हाती लागावा, या तिन्ही गरजा ऑर्गन एकटा भागवी. पायांनी भाता चालत असल्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे. एक हात गायकाबरोबर पदाच्या चालीतून फिरतो, दुसरा खालच्या सप्तकात स्वर भरून धरतो. गुडघ्याने दाबावयाची एक फळी असते. ती दाबली की आवाज फुगतो, सोडली की विरतो. पडद्यामागून नांदीचा पहिला स्वर उठण्याआधी ऑर्गनचा षड्ज नाट्यगृहात पसरे, आणि नाटक सुरू झाले याची खूण तिसऱ्या घंटेपेक्षाही त्या स्वराने प्रेक्षकाला पटे.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. युरोपात ऑर्गनचे सामर्थ्य अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी चालविण्यात आहे. मराठी रंगभूमीने ते सामर्थ्य बाजूला ठेवले आणि त्याचा दुसरा गुण उचलला: बोट उचलीपर्यंत न तुटणारा स्वर. माणसाचा दम संपतो, सतारीचा झंकार विझतो, ऑर्गनचा श्वास मात्र संपत नाही. तानपुऱ्याचे काम आणि साथीदाराचे काम त्याने एकाच वेळी केले. बाखच्या गावकऱ्यांना हा उपयोग दरिद्री वाटला असता. मराठी प्रेक्षकाला बाखच्या चार पदरी रचना तितक्याच गोंधळाच्या वाटल्या असत्या. वाद्य तेच, वारा तोच. श्रीमंती कशात मानावयाची हे प्रत्येक समाजाचे कान ठरवितात.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्या हातांनी पेटीला प्रतिष्ठा मिळाली. त्यांच्यापुढे उदाहरण होते ते ग्वाल्हेरच्या भय्यासाहेब गणपतरावांचे. शिंद्यांच्या राजघराण्यातील या गृहस्थांनी ठुमरीच्या सर्व नजाकती पेटीवर उतरविल्या होत्या. टेंब्यांनी खाडिलकरांच्या ‘मानापमान’च्या (१९११) पदांना चाली दिल्या, आणि १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी केली. पेटीवर बसणारा माणूस चाली बांधतो, तेव्हा त्या चालींत पेटीची बोटे दिसल्याशिवाय राहत नाहीत. ‘मानापमान’च्या पदांतील स्वरांच्या स्वच्छ पायऱ्या आणि चपळ वळणे यांचा काही भाग तरी या पट्ट्यांचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. गंधर्व मंडळीच्या साथीत पुढे अहमदजान थिरकवा यांचा तबला, कादरबक्ष यांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन होता. बालगंधर्व एकच पद ‘वन्समोअर’च्या आग्रहावरून पुनःपुन्हा आळवीत आणि प्रत्येक वेळी निराळ्या वाटेने जात. ऑर्गनवादकापुढे कागद नसे. गायकाचा चेहरा आणि पुढच्या क्षणाचा अंदाज एवढेच त्याच्या हाती. सारंगी मींडेत शिरे आणि ऑर्गन खालून स्वराचे जोते भरीत राही. ही जोडी ज्यांनी मुद्रिकांवरून तरी ऐकली आहे, त्यांना त्या दोघांत भांडण असल्याचे कधी जाणवणार नाही. भांडण उभे केले ते बाहेरच्यांनी.

आणि ते अगदीच निराधार नव्हते. पेटीचे बारा स्वर सप्तकात सारख्या अंतरावर बसविलेले असतात. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तानपुऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. पेटीचा गंधार ३०२ हून किंचित अधिक भरतो. फरक दोन-अडीच कंपनांचा. पण तयार कानाला तो बोचतो. शिवाय पट्टीवरून पट्टीवर उडी मारता येते, घसरता येत नाही, म्हणजे मींड नाही, आंदोलन नाही. पाइप ऑर्गनच्या बांधणाऱ्यांना यातील पहिली अडचण चांगली ठाऊक होती. पंधराव्या शतकापासून इटलीत आणि पुढे जर्मनीत काही ऑर्गनांच्या काळ्या पट्ट्या मध्ये दुभंगून एकाच जागी दोन जवळचे स्वर देण्याची सोय करण्यात आली होती.

हाच प्रयत्न नकळत महाराष्ट्रातही झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. जमाबंदीचे आकडे तपासण्यात आयुष्य घालवून उत्तरायुष्यात त्यांनी श्रुतींची मोजणी हाती घेतली आणि १९१० साली हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स या आय. सी. एस. न्यायाधीशाने त्यांना साथ दिली. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवून घेण्यात आली. गायक अब्दुल करीम खाँ यांनी प्रयोगांस आपला गळा दिला. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीवरून आणि तिच्यामागील गणितावरून कडाक्याचा वाद झाला. पंडित भातखंडे यांना हे गणित मान्य नव्हते. श्रुतीची पेटी चालली नाही. ती वाजविण्यास अवघड होती हे तर खरेच. पण गवयाचा गंधार रागागणिक, किंबहुना क्षणागणिक हलतो, आणि बावीस पट्ट्या केल्या तरी तो तेविसाव्या जागी जाऊन बसतो, ही खरी अडचण होती. तथापि एका कलेक्टर कचेरीतल्या माणसाने पितळी पट्ट्यांना भारतीय स्वर शिकविण्याचा जो हट्ट धरला, त्याला हसू नये. दुभंगलेल्या पट्ट्यांच्या इटालियन कारागिरांची आणि त्याची जात एकच.

पुढचा अध्याय दिल्लीत लिहिला गेला. ऑल इंडिया रेडिओचे पहिले नियंत्रक लायोनेल फील्डन यांना पेटीचा तिटकारा होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीविरुद्ध लेख लिहिला. स्वतःच्या आश्रमातून पेटीला रजा देणाऱ्या रवींद्रनाथांनीही जानेवारी १९४० मध्ये रेडिओला तसेच कळविले. १ मार्च १९४० पासून पेटी आकाशवाणीवर वर्ज्य झाली. परक्या राजवटीतल्या अधिकाऱ्यांनी ‘परके वाद्य’ म्हणून घातलेली ही बंदी स्वातंत्र्यानंतर उठावी, तर तसेही घडले नाही. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर स्वतः मराठी. त्यांनीही ती कायम ठेवली. तेव्हा बालगंधर्वांच्या प्रांतातून आलेल्या गायकालादेखील ध्वनिक्षेपकापुढे बसताना आपली पेटी दाराबाहेर ठेवावी लागे. लक्ष्मीबाई नगरात काय किंवा सरोजिनी नगरात काय, दिल्लीच्या सरकारी वसाहतींतील मराठी मंडळींची आरती आणि नाट्यगीते पेटीवर चालत; रेडिओ लावला की ती अदृश्य होई. पेटीवर निस्सीम प्रेम करणारे पु. ल. देशपांडे १९५५ पासून याच आकाशवाणीच्या नोकरीत होते. ज्या दारातून पेटीला प्रवेश नव्हता, त्या दारातून पेटीवाला रोज आत जात होता. आणि आकाशवाणी भवनापासून फार दूर नसलेल्या कॅथीड्रलमध्ये, इंग्रजांनी नव्या राजधानीबरोबर बांधलेल्या त्या चर्चमध्ये, नळ्यांचा ऑर्गन निर्वेधपणे वाजत होता.

१९७१ साली बंदी साथीपुरती उठली. या तीस वर्षांत सारंगीला काम मिळाले, ही बंदीची जमेची बाजू मानली पाहिजे. पेटीचे मात्र काही अडले नाही. बंदीच्या काळातच गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांनी पेटी आणि ऑर्गन या दोहोंवर नाट्यपदांची अशी साथ केली की गायकापेक्षा त्यांच्या बोटांकडे पाहणारे प्रेक्षक निर्माण झाले. गोव्यातील बोरी गावचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ती पेटीवादनासाठी. पायांच्या ऑर्गनचे नशीब इतके उजळ नव्हते. एस्टीचा कारखाना १९६० मध्ये बंद पडला. नवे वाद्य येण्याचे थांबले. विजेच्या वाद्यांनी त्याची जागा घेतली. आहेत ते ऑर्गन कारागिरांच्या दुरुस्तीवर जगत आहेत.

दिल्लीत हा वाद चालू असतानाच पॅरिसमध्ये एक वेगळीच गोष्ट घडत होती. ऑलिव्हिए मेसियाँ हा तरुण संगीतकार १९३१ साली त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादक झाला आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ती जागा सोडली नाही. त्याच्या हाती एका फ्रेंच संगीतकोशातील एकशेवीस देशी तालांची यादी आली होती. ती शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातील. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी होता, आणि त्याचा हुद्दा होता श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याचे हिशेब पाहणाऱ्या खात्याचा प्रमुख. त्याने जमाखर्चाच्या काटेकोरपणाने नोंदवून ठेवलेले ते ताल आपल्याकडे बहुतेक विस्मरणात गेले. मेसियाँने ते एकेक करून तपासले. ‘रागवर्धन’ तालातून त्याला मात्रेत किंचित भर घालून लय डोलती ठेवण्याची कल्पना मिळाली. १९३५ सालच्या ख्रिस्तजन्मावरील त्याच्या ऑर्गनरचनांत तिचा उपयोग आहे. १९५१ मध्ये त्याने ‘ऑर्गनची पोथी’ अशा अर्थाच्या नावाचा एक रचनासंग्रह लिहिला. त्यातील पहिली रचना प्रतापशेखर, गजझंप आणि सारस या तीन तालांवर उभी असून, त्या तालांच्या मात्रांची उलटसुलट मांडणी करीत ती पुढे जाते. फ्रेंच वादक त्या तालांची नावे रोमन लिपीत वाचतात आणि पायाखालच्या पट्ट्यांवर, सोळा-सोळा फुटी नळ्यांतून, देवगिरीचे ते ताल वाजवितात.